मोजणीला नाव कशाला हवे?

चेन्नईत २२ सप्टेंबर २०२५ रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांच्या हस्ते ‘चेन्नई वन’ या अ‍ॅपचे उद्घाटन झाले. महानगर परिवहन महामंडळाची बस, मेट्रो, उपनगरी रेल्वे आणि भाड्याची रिक्षा-टॅक्सी या सर्वांसाठी एकच अ‍ॅप आणि एकच क्यूआर तिकीट, अशी ही योजना आहे. शहरातील वेगवेगळ्या वाहतूक व्यवस्थांनी एकमेकींशी बोलावे, ही अपेक्षा २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने व्यक्त केली होती. त्यानंतर दोन दशके गेली, तरी बहुतेक शहरांत बस एका दिशेला आणि रेल्वे दुसऱ्या दिशेला तोंड करून उभी आहे. चेन्नईत हे काम करण्यासाठी ‘कुम्टा’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण आहे. त्याचा कायदा २०१० चा. पण प्राधिकरण खऱ्या अर्थाने हलू लागण्यास सुमारे दशकभर लागले. आज ५,९०४ चौरस किलोमीटरच्या विस्तारित महानगर क्षेत्राचा पंचवीस वर्षांचा वाहतूक आराखडा त्याच्या हाती आहे. एकच तिकीट ही सोय आहे आणि या सोयीचे स्वागत करण्यात मला कोणताही संकोच नाही.

तरीही या घटनेत आणखी एक बदल दडलेला आहे आणि त्याची चर्चा फारशी झालेली नाही. एखादी स्त्री सकाळी घरातून निघते, बसने रेल्वे स्थानक गाठते, गाडी बदलून मेट्रो पकडते आणि शेवटचा टप्पा रिक्षाने पार करते. आजवर तिच्या या प्रवासाचा एक तुकडा बसच्या वाहकाला ठाऊक असे, दुसरा रेल्वेच्या खिडकीला, तिसरा मेट्रोच्या फाटकाला. अखंड प्रवास केवळ तिला स्वतःला माहीत असे. नियोजनकारांना तो जाणून घ्यायचा असेल, तर एकच मार्ग होता: तिच्याकडे जाऊन विचारणे. या विचारण्यालाच आपण प्रवासी सर्वेक्षण म्हणतो. आता तेच तुकडे विचारण्यावाचून, आपोआप आणि रोजच्या रोज जोडले जाऊ शकतात. विचारण्याकडून पाहण्याकडे होत असलेला हा प्रवास आपण कोणत्या अटींवर करणार आहोत, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रथम सर्वेक्षणाविषयी. वाहतुकीचे सर्वेक्षण म्हणजे बसमध्ये ‘सेवा कशी वाटली’ हे विचारणारा कागद, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याची अनेक अंगे आहेत. कोणत्या थांब्यावर किती चढले आणि किती उतरले, याची मोजणी होते. शहराच्या सीमेवर वाहने थांबवून कुठून कुठे चालला आहात, हे विचारले जाते. आणि या सर्वांचा कणा म्हणजे घरोघरी जाऊन केलेले कुटुंब सर्वेक्षण. त्यात घरातील माणसे, त्यांची वये, व्यवसाय, उत्पन्न, वाहने यांची नोंद होते आणि मग प्रत्येकाला आदल्या दिवसाचा हिशेब विचारला जातो: काल किती वाजता निघालात, कुठे गेलात, कशासाठी, कशाने, किती पैसे पडले आणि परत केव्हा आलात. शहराचे शेकडो लहान विभाग पाडलेले असतात. त्या विभागांमधील ये-जा या उत्तरांवरून गणिताने उभी केली जाते. कोणता बसमार्ग वाढवावा, मेट्रोचे स्थानक कुठे असावे, उड्डाणपूल हवा की पदपथ, हे अखेर या कोष्टकांवरून ठरते. निदान ठरायला हवे.

या प्रश्नावलीचे मोल मुंबईच्या उदाहरणावरून कळेल. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ मध्ये पूर्ण केलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासासाठी साठ हजारांहून अधिक कुटुंबांना प्रश्न विचारले गेले. त्यातून निघालेले सत्य असे की, या महानगरातील निम्म्याहून अधिक फेऱ्या लोक पायी करतात. पायी चालणाऱ्याकडे तिकीट नसते, कार्ड नसते, क्यूआर संकेत नसतो. जगातील कोणत्याही तिकीट यंत्राला तो दिसला नसता. दारावर जाऊन विचारले म्हणूनच तो दिसला. दुसरे उदाहरणही मुंबईचेच आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१९ मध्ये झालेल्या ६,०४८ जणांच्या सर्वेक्षणातून असे दिसले की, २००४ नंतरच्या काळात कामावर जाणारे पुरुष दुचाकीकडे वळले, तर स्त्रिया अधिक खर्चाच्या रिक्षा-टॅक्सीकडे वळल्या. एकाच रस्त्यावरून जाणारे पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या किमती मोजत आहेत, हे प्रवाशांची एकूण संख्या पाहून कधीच कळले नसते.

उलट, अंदाज चुकला की त्याची किंमत काँक्रीटमध्ये मोजावी लागते, याचा दाखला चेन्नईतच उभा आहे. ‘एमआरटीएस’ या उन्नत रेल्वेमार्गाची मुळे साठ-सत्तरच्या दशकांतील मद्रासच्या वाहतूक अभ्यासांत आहेत. मार्गाचा पहिला टप्पा चेन्नई बीच ते चेपॉक असा १९९५ मध्ये सुरू झाला आणि वेलाचेरीपर्यंत पोहोचायला २००७ उजाडले. प्रचंड आकाराची ती स्थानके वर्षानुवर्षे ओस राहिली, कारण प्रवासी अंदाजापेक्षा फारच कमी आले. बसशी जोड नाही, स्थानकाच्या दारापर्यंत नीट पोहोचता येत नाही, अशी अनेक कारणे त्यामागे होती. माणसे कुठून कुठे आणि कशी जातात, हे नेमके आणि वेळच्या वेळी माहीत असणे ही चैन नव्हे. सार्वजनिक पैशाच्या विनियोगाची ती पूर्वअट आहे. म्हणूनच प्रवासी सर्वेक्षणांना विरोध करणाऱ्यांपैकी मी नाही. ती अधिक व्हावीत, अधिक चांगली व्हावीत आणि त्यांचे निष्कर्ष सर्वांसाठी खुले असावेत, असेच माझे मत आहे.

मात्र ‘काल तुम्ही कुठे गेला होतात?’ हा दिसतो तितका साधा प्रश्न नाही. त्याच्या उत्तरात माणसाचे अर्धे आयुष्य सामावलेले असते. कोण कोणत्या रुग्णालयात जाते, कोण कोणत्या प्रार्थनास्थळी, कोण संघटनेच्या बैठकीला आणि कोण वकिलाकडे, हे त्यातून कळते. घर किती वाजता रिकामे असते, हेही कळते. चेन्नईच्या दक्षिणेला कण्णगी नगर आणि पेरुम्बाक्कम या पुनर्वसन वसाहती आहेत. शहराच्या मध्यातील झोपड्या हटवून हजारो कुटुंबांना तेथे नेऊन वसवण्यात आले. अडयार-मैलापूरच्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या अनेक स्त्रिया तेथून रोज बसने येतात. नुसत्या पत्त्यामुळेच कामाचे दरवाजे बंद होतात, ही तेथील रहिवाशांची जुनी तक्रार आहे. अशा वसाहतीतील स्त्रीने टॅब्लेट घेऊन आलेल्या अनोळखी तरुणाला आपला पत्ता, उत्पन्न आणि येण्याजाण्याच्या वेळा सांगणे म्हणजे विश्वास टाकणे होय. बसमधील छेडछाडीविषयी विचारल्यावर ती जे सांगेल, त्याला तर याहून मोठा विश्वास लागतो.

काही महिन्यांपूर्वी शहरातील एका बस स्थानकावर अशाच एका सर्वेक्षकाने मला थांबवले. मी कुठून आलो, कुठे चाललो, आठवड्यातून किती वेळा, हे त्याने नम्रपणे विचारले, मीही सांगितले. शेवटी त्याने नाव आणि मोबाइल क्रमांक मागितला. कशासाठी, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘‘तो रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, सर.’’ ही माहिती कोणाकडे जाणार, किती दिवस राहणार, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. माझ्यामागे उभ्या असलेल्या फुलवालीने मात्र काहीही न विचारता आपला क्रमांक सांगून टाकला.

मोबाइल क्रमांक मागण्याला एक रास्त कारण असते, हे येथे नमूद केले पाहिजे. सर्वेक्षकाने झाडाखाली बसून खोटे अर्ज भरू नयेत, म्हणून पर्यवेक्षक काही उत्तरदात्यांना दूरध्वनी करून पडताळणी करतो. गुणवत्तेसाठी ते आवश्यकच आहे. पण ही गरज काही दिवसांची असते. पडताळणी झाली की क्रमांकाचे काम संपते. तो उत्तरांपासून वेगळ्या नोंदीत ठेवता येतो आणि ठरलेल्या तारखेला नष्ट करता येतो. नियोजनासाठी घराचा दरवाजा लागत नाही, विभाग पुरतो. जन्मतारीख लागत नाही, वयोगट पुरतो. शहराला ‘अमुक विभागातून तमुक विभागात सकाळी आठ ते नऊ या वेळात इतक्या स्त्रिया जातात’ एवढेच कळायला हवे असते. त्या कोण, हे कळण्याची गरज नसते.

हे शहाणपण नवे नाही. आपल्या प्रजासत्ताकाच्या सांख्यिकी परंपरेत ते पहिल्यापासून आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानुसार प्रगणकाने भरलेली नोंद कोणालाही तपासता येत नाही आणि काही मोजके अपवाद वगळता ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्यानेही माहिती देणाऱ्याची ओळख पुसल्याशिवाय ती इतरांना देण्यास मनाई केली आहे. राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातील हा एक करार आहे: तू खरे सांग, मी तुझे नाव विसरेन. याच कराराच्या बळावर फाळणीच्या जखमा ताज्या असतानाही देशाची शिरगणती होऊ शकली. २०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन आणि अंतर विचारले गेले, तेव्हा कोट्यवधी लोकांनी उत्तरे दिली, तीही याच करारावर विसंबून.

तिकिटाच्या यंत्राशी मात्र आपला असा कोणताही करार नाही. सर्वेक्षण हजारांतून काहींना, काही वर्षांतून एकदा विचारते. कार्ड आणि अ‍ॅप प्रत्येकाची, प्रत्येक दिवसाची नोंद ठेवतात. सर्वेक्षणात ‘सांगत नाही’ असे म्हणता येते. फाटकासमोर तसे म्हणण्याची सोय नसते. चेन्नई मेट्रोने एप्रिल २०२३ मध्ये ‘सिंगार चेन्नई’ हे राष्ट्रीय सामायिक प्रवास कार्ड आणले आणि जानेवारी २०२५ पासून ते शहराच्या बसमध्येही चालू लागले. हे बँकेने दिलेले कार्ड असते, म्हणजे पैशांचा व्यवहार आणि पायांचा व्यवहार एकाच प्लास्टिकवर येतो. यात कोणाचा दुष्ट हेतू आहे, असे मी सुचवत नाही. परंतु माहितीचा साठा एकदा तयार झाला की तो वापरण्याची नवनवी कारणे सुचू लागतात, हा आपला अनुभव आहे.

तो अनुभव रेल्वेने दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये आयआरसीटीसी या रेल्वेच्या तिकीट कंपनीने एक निविदा काढली. प्रवाशांच्या माहितीपासून पैसा कसा उभा करता येईल, हे सांगणारा सल्लागार तिला हवा होता. अपेक्षित उत्पन्न १,००० कोटी रुपयांपर्यंत असल्याच्या बातम्या आल्या. अभ्यासायच्या माहितीच्या यादीत नाव, वय, मोबाइल क्रमांक, लिंग, पत्ता, ईमेल, प्रवासाचा वर्ग आणि पैसे भरण्याची पद्धत हे सारे होते. त्याच महिन्याच्या आरंभी केंद्र सरकारने विदा संरक्षणाचे विधेयक संसदेतून मागे घेतले होते, म्हणजे ही माहिती राखणारा कायदाच अस्तित्वात नव्हता. गदारोळ झाला, संसदेच्या माहिती-तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने विचारणा केली आणि निविदा मागे घेतल्याचे कंपनीने सांगितले. गावी जाण्यासाठी तिकीट काढणाऱ्या माणसाने आपला पत्ता प्रवासासाठी दिला होता, विक्रीसाठी नव्हे. हा फरक एका सरकारी कंपनीला निविदा लिहिताना जाणवला नाही, ही त्या प्रकरणातील खरी चिंतेची बाब होती.

‘आम्ही नावे काढून टाकतो’ हे अशा वेळी दिले जाणारे नेहमीचे उत्तर. ते किती अपुरे आहे, हे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराने दाखवले. तेथील सार्वजनिक वाहतूक यंत्रणेने २०१८ मध्ये दीड कोटीहून अधिक प्रवास कार्डांच्या सुमारे १८० कोटी नोंदी, कार्डांचे मूळ क्रमांक बदलून, संशोधनाच्या स्पर्धेसाठी खुल्या केल्या. मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांनी त्यात प्रथम स्वतःला शोधून काढले. मग सोबत प्रवास केलेल्या सहकाऱ्याला शोधले आणि समाजमाध्यमावर आपल्या गाडीच्या वेळा लिहिणाऱ्या एका लोकप्रतिनिधीलाही. पुढच्या वर्षी तेथील माहिती आयुक्तांनी हा कायद्याचा भंग ठरवला. त्यामागचे गणित २०१३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासून संशोधकांनी दाखवले की, स्थळ आणि काळ यांचे केवळ चार बिंदू ठाऊक असतील, तर शंभरातील पंचाण्णव माणसे नेमकी ओळखता येतात. आपला रोजचा प्रवास हीच आपली सही असते. नाव खोडले, तरी सही राहते.

या पार्श्वभूमीवर तमिळनाडूतील एका वेगळ्या व्यवस्थेकडे मला लक्ष वेधायचे आहे. तिचे हे अंग कोणी फारसे वाखाणलेले नाही. मे २०२१ मध्ये सत्तेवर येताच स्टालिन सरकारने शहरी साध्या बसमधून स्त्रियांना मोफत प्रवास दिला. ‘विडियल पयणम’ म्हणजे पहाटेचा प्रवास, हे त्या योजनेचे नाव. महामंडळाला सरकारकडून भरपाई मिळायची तर किती स्त्रियांनी प्रवास केला, हे मोजणे भाग होते. त्यासाठी काय केले? वाहक स्त्रियांना शून्य रुपयाचे तिकीट देऊ लागला. तिकिटे मोजली की प्रवास मोजले गेले. ओळखपत्र नाही, रहिवासाचा दाखला नाही, मोबाइल क्रमांक नाही. बिहारमधून काल आलेली मजूर स्त्री आणि मैलापुरात तीन पिढ्या राहणारी गृहिणी यांच्यात वाहक भेद करत नाही.

या योजनेने काय साधले, हेही नावांवाचूनच शोधले गेले. राज्य नियोजन आयोगाने नागपट्टिनम, मदुराई आणि तिरुप्पूर या जिल्ह्यांत नमुना पाहणी केली आणि लाभार्थी स्त्रीची महिन्याला सरासरी ८८८ रुपयांची बचत होते, असा निष्कर्ष काढला. सर्वांची नोंद ठेवून नव्हे, तर काहींना विचारून. मोजणी तिकिटाने आणि समज सर्वेक्षणाने, ही कामाची वाटणी मला आदर्श वाटते.

इतर राज्यांशी तुलना केल्यावर तिचे महत्त्व अधिक ठळक होते. कर्नाटकाच्या ‘शक्ती’ योजनेत, जून २०२३ पासून, स्त्रीला राज्याची रहिवासी असल्याचे ओळखपत्र दाखवावे लागते. दिल्लीने २०१९ मध्ये कोणत्याही स्त्रीला गुलाबी तिकीट देऊन सुरुवात केली होती. २०२५ मध्ये तेथील सरकारने त्याऐवजी दिल्लीच्या रहिवासी स्त्रियांपुरते स्मार्ट कार्ड आणण्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट लागते आणि त्यासाठी कागद मागितला जात नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मात्र मोफत प्रवासासाठी वयाचा पुरावा दाखवावा लागतो, तेही समजण्यासारखे आहे. वाहकाला ओळखपत्र दाखवणे आणि कार्डावर प्रत्येक फेरीची नोंद राहणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात डोळा पाहतो आणि विसरतो. दुसऱ्यात यंत्र लिहून ठेवते. सवलतीसाठी कार्ड सक्तीचे झाले की, ज्यांना सवलत हवी आहे त्यांचाच, म्हणजे गरिबांचा आणि स्त्रियांचा प्रवास सर्वाधिक तपशिलाने नोंदला जाईल आणि मोटारीतून जाणारा मात्र कोणत्याच वहीत नसेल.

बोगस लाभार्थी रोखण्यासाठी कार्ड हवे, असा युक्तिवाद केला जातो. तो फेटाळून लावण्याजोगा नाही. सार्वजनिक पैशाची गळती ही खरी समस्या आहे. वाहकांनी भरपाईसाठी खोटी शून्य तिकिटे फाडली तर काय, हा प्रश्न योग्यच आहे. पण त्याचे उत्तर बसमध्ये अचानक जाऊन केलेली मोजणी हे आहे आणि ती पद्धत वाहतूक सर्वेक्षणाला जुनीच परिचयाची आहे. वाहकाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेण्यासाठी लाखो प्रवाशांच्या हालचालींची नोंद ठेवणे म्हणजे उंदरासाठी घर खणणे होय.

ओळख आणि प्रवास एकमेकांत गुंतले की प्रवासाला इतर अटी जोडणे सोपे होते, हेही मुंबईकरांना सांगायला नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेतलेल्यांनाच लोकल प्रवासाची मुभा मिळाली आणि त्यासाठी क्यूआर संकेत असलेला पास लागू लागला. महासाथीच्या काळात त्याचे समर्थन करता येईल. पुढे ते निर्बंध मुंबई उच्च न्यायालयात वादाचा विषय ठरले आणि उठलेही. लक्षात ठेवण्याची गोष्ट इतकीच की, जे यंत्र आज लस तपासू शकते, ते उद्या दुसरे काहीही तपासू शकते.

मग कायदा काय म्हणतो? खासगीपणाच्या हक्काच्या इतिहासात चेन्नईला मानाचे स्थान आहे. येथील ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकाच्या संपादकांनी दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये नागरिकाच्या ‘एकटे राहू दिले जाण्याच्या’ हक्काचा उच्चार केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य बंधने अठरा महिन्यांनंतर, म्हणजे मे २०२७ पासून लागू होतात. माहिती कशासाठी घेतली जात आहे याची सूचना, तीही हवी असल्यास आठव्या परिशिष्टातील बावीसपैकी कोणत्याही भाषेत. संमती मागे घेण्याचा अधिकार. आणि सुरक्षेत कुचराई झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड, या त्यातील चांगल्या तरतुदी आहेत.

त्याचबरोबर १७ व्या कलमात संशोधन आणि सांख्यिकीच्या कामाला सूट आहे. अट अशी की, त्या माहितीच्या आधारे विशिष्ट व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि नियमांत दिलेले दंडक पाळले जावेत. ही सूट मला योग्य वाटते. ती नसेल तर कुटुंब सर्वेक्षण करणेच अवघड होईल. पण अनुदान, लाभ आणि सेवा देण्याच्या कामी शासनाला वैयक्तिक माहिती वापरण्याची मोकळीक देणारे ७ वे कलमही याच कायद्यात आहे. एकाच तिकिटाची नोंद आज नियोजनासाठी आणि उद्या पात्रता तपासण्यासाठी वापरली गेली, तर ती कोणत्या कलमाखाली येते? सांख्यिकी आणि प्रशासन यांच्यामधील भिंत १९४८ च्या जनगणना कायद्याने जाड बांधली होती. नव्या कायद्याने तेथे दार ठेवले आहे आणि दाराची किल्ली शासनाकडेच आहे. शिवाय माहिती ‘अनामिक’ आहे असे एकदा जाहीर केले की ती या कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्याचे मानले जाते. आणि मेलबर्नचा धडा नेमका तेथेच लागू होतो.

माझ्या मते चेन्नईने, आणि चेन्नईकडे पाहून मुंबई, पुणे, नागपूर या शहरांनी, कायद्याच्या तारखेची वाट पाहू नये. करायच्या गोष्टी अवघड नाहीत. सर्वेक्षकाच्या हातात स्थानिक भाषेतील एका परिच्छेदाची सूचना असावी आणि नाव-क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवला तरी पुढचे पान उघडावे. पडताळणीचे क्रमांक ठरलेल्या मुदतीत नष्ट झाल्याचे जाहीर व्हावे. कार्ड आणि अ‍ॅपच्या नोंदींतून नियोजनासाठी विभागवार बेरजाच बाहेर पडाव्यात आणि ज्या विभागात मोजकेच प्रवासी असतील, तेथील आकडे झाकले जावेत. कंत्राटदाराने या माहितीचे काय करावे आणि काय करू नये, याच्या अटी जनतेला वाचता याव्यात. लंडनच्या भुयारी रेल्वेने २०१६ मध्ये ५४ स्थानकांवर प्रवाशांच्या फोनच्या वायफाय संकेतांवरून गर्दीचा अभ्यास केला, तेव्हा स्थानकांवर फलक लावून तसे सांगितले होते आणि नको असल्यास वायफाय बंद ठेवा, असेही सुचवले होते. एवढे सौजन्य आपल्यालाही परवडेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रोख पैसे देऊन, नाव न सांगता प्रवास करण्याची वाट कधीही बंद होऊ नये.

हा प्रश्न केवळ गोपनीयतेचा असता, तर काही वाचकांना तो सुखवस्तूंची चिंता वाटला असता. परंतु त्यात नियोजनाचेही हित गुंतलेले आहे. सर्वेक्षणे खर्चिक आणि वेळखाऊ असतात; अ‍ॅपची माहिती आयती मिळते. त्यामुळे पहिली टाळून दुसरीवर भागवण्याचा मोह प्रत्येक शहराला होणार आहे. तसे झाले, तर आराखड्यात अ‍ॅप वापरणारे दिसतील. कण्णगी नगरातून निघणारी, शून्य रुपयाचे तिकीट हातात धरलेली आणि शेवटचा मैल चालत जाणारी स्त्री दिसणार नाही. तिला दिसते करायचे असेल, तर तिच्या दारी जाऊन तिला विचारावे लागेल. ती खरे उत्तर देईल, ते आपले बोलणे आपल्यावरच उलटणार नाही याची खात्री असेल तरच. लोकांचा विश्वास गमावलेल्या शहराकडे नोंदी पुष्कळ असतील, पण आपल्याच माणसांविषयीचे ज्ञान नसेल. चेन्नईच्या साध्या बसमधील वाहक पाच वर्षांहून थोडा कमी-अधिक काळ नाव न विचारता रोज लाखो स्त्रियांची मोजणी करत आला आहे. जे त्याला जमते, ते मोठमोठ्या प्राधिकरणांना जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.